कुत्रा शी खातो? का खातो आणि ते कसं थांबवायचं

पिल्लानं बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर शी केली. फडकं आणायला कुणी आत गेलं, परत येऊन पाहतात तर कागदावर नुसता ओला डाग. पिल्लू जिभल्या चाटत शेपटी हलवतंय. नवीन पिल्लू आलेल्या पुष्कळ घरांत पहिल्या महिन्याभरात हे घडतं आणि घरातल्यांच्या पोटात कालवतं. कुणी म्हणतं पिल्लू आजारी आहे, कुणी म्हणतं उपाशी आहे, कुणी म्हणतं त्याला घाणीची सवयच आहे. क्वचित यातलं एखादं खरं असतं. बहुतेक वेळा तिन्ही चुकीची असतात.

ही सवय किती कुत्र्यांना असते याचा चांगला अभ्यास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी केला आणि तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांमधून दिसलं की साधारण 16 टक्के कुत्री वारंवार शी खातात. म्हणजे मालकांनी त्यांना निदान सहा वेळा खाताना पाहिलं होतं. दर सहा कुत्र्यांत एक. त्यात शी-शूचं शिक्षण नीट झालेली कुत्रीही होती आणि न झालेलीही, त्यानं फरक पडला नाही. फरक दोन गोष्टींनी पडला: जी कुत्री एरवीही अन्नावर तुटून पडतात ती जास्त खातात, आणि ज्या घरात एकाहून अधिक कुत्री आहेत तिथं हे जास्त दिसतं. तुमचा कुत्रा जगावेगळा नाही आणि तुमच्या संगोपनात काही चुकलं म्हणून तो असा झाला, असंही मानू नका.

का खातात

कुत्री पिल्लांना जन्म देते तेव्हा पहिले तीनेक आठवडे पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई त्यांचं पोट आणि मागची बाजू चाटते तेव्हाच ती होते, आणि झालेली शी आई खाऊन टाकते. जागा स्वच्छ राहते, वासावर शिकारी येत नाही. आईनं असं केलं तर तिला अडवू नका. पिल्लं हे पाहतच वाढतात, शिवाय त्या वयात जग तोंडानंच ओळखलं जातं. चप्पल चावून पाहायची, दगड चघळून पाहायचा, तशीच शी. बहुतेक पिल्लांची ही सवय वर्षभराचं होईपर्यंत सुटते, अट एवढीच की मधल्या काळात तिला रोज खतपाणी मिळालेलं नसावं.

वर सांगितलेल्या अभ्यासात आणखी एक मोलाची गोष्ट दिसली. कुत्री बहुतेक करून ताजी, दोन दिवसांच्या आतली शी खातात. संशोधकांचा अंदाज असा की हे लांडग्यांकडून आलेलं आहे. विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांमधून संसर्ग करू शकणाऱ्या अळ्या तयार व्हायला साधारण दोन दिवस तरी जातात. त्याआधीच बिळाजवळची शी खाऊन संपवली तर कळपाला जंत कमी होतात. हा अंदाजच आहे, पण मालकाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ सरळ आहे: शी पडल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात महत्त्वाची.

शिवाय कुत्रा हा माणसाच्या वस्तीभोवती उष्टं-खरकटं आणि टाकाऊ खाऊन जगत आलेला प्राणी आहे. झिंबाब्वेच्या ग्रामीण भागातल्या कुत्र्यांच्या अभ्यासात त्यांच्या खाण्यात माणसांच्या विष्ठेचा मोठा वाटा आढळला. आपल्याला जे किळसवाणं वाटतं त्याचा वास कुत्र्याला अर्धवट पचलेल्या अन्नासारखा येतो. मांजराच्या शीत प्रथिनं भरपूर उरलेली असतात, म्हणून ती त्याला जास्तच आवडते.

मग वागण्याशी जोडलेली कारणं. पिंजऱ्यात, लहान बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत तासन्‌तास कोंडलेलं पिल्लू करायला दुसरं काही नाही म्हणून शीसोबत खेळतं आणि खेळता खेळता खातं. दाटीवाटीच्या पिंजऱ्यात वाढवून विकलेल्या पिल्लांत ही सवय घरी येण्याआधीच पक्की झालेली असते. आणि एक कारण आपण स्वतः तयार करतो, ते म्हणजे मार. घरात शी केली म्हणून नाक त्यात घासलं, चापट मारली, ओरडलं, की पिल्लू शिकतं एवढंच: ‘शी दिसली की माणूस चिडतो.’ मग ते शी दिसू नये याची सोय करतं, पटकन गिळून.

आधी दुखणं नाही ना, ते बघा

तीन-चार महिन्यांचं, हुंदडणारं, वजन वाढणारं, घट्ट शी करणारं पिल्लू अधूनमधून शी खात असेल तर जंतांचं औषध वेळेवर आहे ना एवढं पाहून थेट सवयीच्या कामाला लागा. पण पुढचं काही दिसलं तर आधी पशुवैद्य.

मोठा कुत्रा, आजवर कधीच शी न खाल्लेला, अचानक खायला लागला. भूक वाढलीय आणि वजन मात्र उतरतंय. शी ढीगभर, पिवळट-राखाडी, तेलकट आणि सैल. पोट फुगलेलं, केस निस्तेज. पाणी खूप पितोय, शू खूप करतोय. शीत रक्त किंवा आव.

भूक जास्त, वजन कमी आणि ढीगभर तेलकट शी ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, तर स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे न पाझरण्याचा आजार असू शकतो. अन्न न पचताच बाहेर पडतं, त्यामुळे कुत्रा खाऊनही उपाशी राहतो आणि शीत त्याला अन्नाचाच वास येतो. यासाठी उपाशीपोटी रक्त घेऊन टीएलआय नावाची तपासणी करतात. निदान झालं तर दर जेवणात पाचक एन्झाइमची पावडर कालवावी लागते, बहुधा जन्मभर, पण कुत्रा छान जगतो. मधुमेह आणि कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) यांतही भूक भडकते. औषधांनीही भडकते: खाजेसाठी दिलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड आणि फिट्ससाठीचं फिनोबार्बिटोन ही नेहमीची दोन उदाहरणं. सवय आणि औषध एकाच सुमाराला सुरू झालंय असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

डॉक्टरांकडे जाताना शीचा नमुना घेऊन जा. सकाळची ताजी शी, मोठ्या सुपारीएवढी, स्वच्छ कोरड्या झाकणाच्या डबीत. मातीला टेकलेला भाग घेऊ नका. दोन-चार तासांत पोहोचवा, नाहीतर दुहेरी पिशवीत बांधून फ्रीजमध्ये, अन्नापासून लांब ठेवा आणि 24 तासांच्या आत द्या. फ्रीझरमध्ये नको. जिआर्डियासारखे सूक्ष्मजीव रोज शीतून पडतातच असं नाही, म्हणून सैल शी चालू असेल तर डॉक्टर तीन दिवसांचे नमुने मागू शकतात. एका नमुन्यात काही निघालं नाही म्हणजे काहीच नाही, असं धरू नका.

खरा उपाय: शी आणि तोंड यांची गाठ पडू द्यायची नाही

या सवयीत शी हेच बक्षीस आहे. दहा वेळा अडवलं आणि अकराव्या वेळी मिळाली, तर कुत्रा शिकतो की चिकाटी धरली की मिळते. म्हणून सहा ते आठ आठवडे एकदाही मिळू न देणं हा उपचाराचा गाभा आहे. बाकी सगळं त्याच्या जोडीला.

त्यासाठी शी कधी होणार हे आधीच कळायला हवं. तीन दिवस एक कागद फ्रीजवर चिकटवा. जेवण किती वाजता, शी किती वाजता, कुठं केली, घरातल्या प्रत्येकानं लिहायचं. पिल्लांना जेवल्यावर साधारण 5 ते 30 मिनिटांत शी येते. झोपेतून उठल्यावर आणि दंगा करून झाल्यावरही येते. मोठ्या कुत्र्याची वेळ तर बहुधा घड्याळासारखी निघते. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. वाटी दिवसभर भरून ठेवली तर शीही दिवसभर कधीही होते आणि तुम्ही तिथं नसता. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून 3-4 वेळा, सहा महिन्यांनंतर 2 वेळा, आणि 20 मिनिटांत न संपलेली वाटी उचलून ठेवायची.

आता शीची वेळ आली की पिल्लू दोरीवर. घराच्या अंगणात, गच्चीत, बाल्कनीतसुद्धा. इथंच बहुतेकांची चूक होते. स्वतःच्याच अंगणात दोरी कशाला, असं वाटतं, आणि पिल्लू दोन सेकंदांत वळून तोंड घालतं. दीड ते दोन मीटरची साधी दोरी पुरे. लांबणारी, आपोआप गुंडाळणारी दोरी या कामाला नको, तिच्यात झटकन अंतर कमी करता येत नाही.

खिशात तीन गोष्टी: उचलायच्या पिशव्या, खाऊ, आणि रात्र असेल तर टॉर्च. खाऊ म्हणजे शेंगदाण्याएवढे तुकडे, उकडलेल्या चिकनचे. घरात मांसाहार नसेल तर पनीर किंवा उकडलेल्या गाजराचे, अंडं चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचे. कोरडी बिस्किटं ताज्या शीच्या वासापुढे बहुतेकदा हरतात, त्यांच्यावर विसंबू नका.

क्रम असा ठेवा:

1. पिल्लू शी करत असताना गप्प उभे राहा. मध्येच कौतुक केलं की ते अर्ध्यात उठतं आणि उरलेली घरात करतं.
2. शी संपून ते उभं राहायला लागलं, की त्याच क्षणी आनंदी आवाजात नाव घ्या आणि खाऊचा तुकडा नाकाशी धरा. वळून शी हुंगायच्या आधी.
3. तुकडा नाकापुढे धरूनच दोन-तीन पावलं त्याला दूर न्या, मग द्या.
4. तिथं स्वच्छ जमिनीवर आणखी 4-5 तुकडे पसरून टाका. ते हुंगत वेचण्यात त्याचं लक्ष गुंततं, तेवढ्यात दोरीवर पाय ठेवून तुम्ही शी उचला.
5. पिशवीला गाठ मारल्यावरच पुढे निघा.

घरात तुम्ही दोघं असाल तर एकानं पिल्लाला फिरवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. पहिल्या आठवड्यात यानं फार सोपं होतं.

रोज तीन-चार वेळा हे झालं की दहा-पंधरा दिवसांत एक बदल दिसतो: शी झाली की पिल्लू आपोआप मान वळवून तुमच्याकडे बघतं. हा बदल या सगळ्या खटाटोपाचा उद्देश आहे. शी करून झाल्याची जाणीवच आता ‘माणसाकडे जा’ अशी खूण झालेली असते. तो दिसला म्हणून खाऊ लगेच बंद करू नका. आणखी महिनाभर दर वेळी द्या, मग कधी खाऊ, कधी नुसती थाप.

घरात कागदावर किंवा पॅडवर शी करायची सवय असेल आणि दिवसा घरी कुणी नसेल, तर हा उपाय लंगडा पडतो. अशा वेळी दुपारी कुणीतरी, शेजारच्या काकू किंवा पैसे देऊन ठेवलेला फिरवणारा, येऊन शीची वेळ सांभाळील अशी व्यवस्था करा. पिल्लू साधारण महिन्यांचं जितकं वय तितके अधिक एक एवढे तास रोखू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त चार तास. नऊ तास कोंडून ठेवलं तर ते शी करणारच, आणि कंटाळ्यानं खाणारही.

घरात सांडलेल्या जागेवर फिनाइल ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं कुत्र्या-मांजरांना विषारी असतात, आणि पिल्लू ओली फरशी चाटतं. शी उचलून, साबणाच्या पाण्यानं पुसून, एन्झाइम असलेलं पाळीव प्राण्यांसाठीचं क्लीनर वापरा. वास खरोखर गेला नाही तर पिल्लू तिथंच पुन्हा येतं.

‘सोड’ शिकवणं

दोरी आणि वेळापत्रक घरापुरतं चालतं. रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यांची शी कुठंही असते, तिथं शब्द लागतो. एकच शब्द ठरवा, घरातल्या सगळ्यांचा सारखा. आजी ‘नको’, दादा ‘लीव्ह इट’ आणि आई ‘शी शी’ म्हणत असेल तर कुत्र्याला काहीच कळत नाही. ‘सोड’ छोटा आणि ठसठशीत आहे.

घरात, शांत वेळी सुरुवात करा. बंद मुठीत साधा खाऊ धरून त्याच्यापुढे न्या. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, तुम्ही काही बोलू नका. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हातातला, त्याहून चांगला खाऊ द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही. तो सलग पाच वेळा लगेच मागे हटू लागला की मूठ पुढे करण्याआधी ‘सोड’ म्हणायला लागा. पुढची पायरी उघडा तळहात, मग जमिनीवर ठेवलेला आणि गरज पडली तर पायानं झाकता येईल असा खाऊ, मग दोरीवर त्याच्याजवळून चालत जाणं. प्रत्येक पायरीवर दहातल्या आठ वेळा जमलं तरच पुढे. दिवसातून तीन वेळा, तीन-तीन मिनिटं पुष्कळ.

खऱ्या शीकडे जाल तेव्हा अंतर मोठं ठेवा. तीन मीटरवरून, कुत्र्यानं हुंगायला मान वळवली की ‘सोड’, वळून बघितलं की बक्षीस, आणि निघून जा. हळूहळू अंतर कमी करा. पहिल्याच दिवशी नाकाखाली शी असताना ‘सोड’ म्हणून उपयोग नाही. त्यानं न ऐकता गिळली की शब्दाची किंमतच जाते.

डेव्हिसच्या त्याच अभ्यासात असं शब्द शिकवून सवय मोडल्याचं फार थोड्या, 4 टक्के मालकांनी सांगितलं. त्याचं कारण उघड दिसतं: नुसता शब्द शिकवला आणि अंगणातली शी तशीच पडू दिली, तर एकटा असताना कुत्रा खातोच. शब्द तुम्ही समोर असतानाच चालतो. त्यामुळे ‘सोड’ शिकवायचं ते उचलण्याच्या जोडीला, उचलण्याऐवजी नाही.

त्यानं तोंडात घेतलीच तर? धावू नका, किंचाळू नका, जबडा उघडू नका. पाठलाग हा कुत्र्याचा आवडता खेळ आहे, आणि जबरदस्तीनं काढून घेतलं की पुढच्या वेळी तो जास्त वेगानं गिळतो. काहींना मग हात जवळ आला की गुरगुरायची सवय लागते, ती शी खाण्यापेक्षा कितीतरी गंभीर. उलट दिशेला पळत सुटा, हाक मारा, खाऊ जमिनीवर उधळा. तो सोडून आला तर उत्तम, नाही आला तर ती वेळ गेली असं समजून पुढच्या फेरीला दोरी आखूड धरा.

दुसऱ्यांची शी, मांजराची शी, शेण

बिल्डिंगच्या आवारात भटकी कुत्री असतील तर फिरायच्या आधी एकदा डोळ्यांखालून रस्ता घाला. ठरलेल्या दोन-तीन स्वच्छ जागी नेणं हे रोज नव्या ठिकाणी नेण्यापेक्षा बरं. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला तर दुसऱ्या कुत्र्यांची शी हुंगूही देऊ नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू शीतून पसरतो आणि शी सुकून दिसेनाशी झाल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. लसीचे डोस 6-8 आठवड्यांपासून सुरू होऊन 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी असतात. शेवटचा डोस चुकवू नका.

मांजराची शी-शूसाठीची वाळूची पेटी असलेल्या घरात कुत्र्याला शिकवत बसण्यापेक्षा पेटीच हलवा. ज्या खोलीच्या दाराला मांजर जाईल एवढीच फट राहते तिथं, किंवा मांजर उडी मारून चढेल अशा उंचीवर. पेटीत दिवसातून दोनदा सुपली फिरवा. ओल लागली की गोळा होणारी त्यातली वाळू शीबरोबर पोटात गेली तर आतड्यात फुगून अडकू शकते. उलट्या, जेवण बंद, शी न होणं असं दिसलं तर वाट पाहू नका.

गावाकडे, शेतावर कुत्री गाई-म्हशींचं ताजं शेण आणि शेळ्यांच्या लेंड्या खातात. थोडंसं शेण खाल्लं म्हणून सहसा काही होत नाही, पण दोन गोष्टींकडे लक्ष हवं. जनावरांना जंत-गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते औषध पुढचे कित्येक दिवस मुख्यतः शेणातूनच बाहेर पडतं. कोली, शेल्टी यांसारख्या जातींत एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचतं: लाळ गळणं, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, थरथर. इतर जातींनाही जास्त मात्रा बाधते. इंजेक्शन दिल्यावर त्या गोठ्यापासून कुत्रा काही आठवडे लांब ठेवा. दुसरी गोष्ट शेणकिडे. शेण हुंगताना कुत्रा ते किडे गिळतो आणि त्यांच्यातून स्पायरोसर्का नावाचा जंत पोटात जातो, तो अन्ननलिकेत गाठी करतो. शेणाजवळ फिरणारा कुत्रा वारंवार खाल्लेलं बाहेर काढत असेल तर डॉक्टरांना शेण-शेणकिड्यांबद्दल आवर्जून सांगा.

काही कुत्री इतकी चपळ असतात की दोरी, खाऊ, शब्द सगळं करूनही मिळवतातच. त्यांच्यासाठी फिरताना जाळीचं मुसकं. कापडी, तोंड आवळून बंद करणारं अजिबात नको. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आपल्या उन्हात तोंड बांधलं तर उष्माघात होईल. जाळीच्या मुसक्यात पूर्ण तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. पहिल्याच दिवशी चढवून बाहेर नेऊ नका. आत थोडं दही लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, आधी पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट, असं आठ-दहा दिवस. पातळ शी जाळीतून आत येते आणि मग ते धुणं त्रासाचं होतं, त्यामुळे मुसकं घातलं म्हणून नजर हटवू नका, आणि एकट्या कुत्र्याच्या तोंडाला ते ठेवू नका.

वाटीत काय पडतंय

आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत कुत्र्याला दूध-पोळी किंवा दहीभात मिळतो. पोट भरतं, पण वाढत्या पिल्लाला त्यात प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ बसत नाही, आणि दुधातली साखर न पचल्यानं शी सैल होते. सैल शी उचलताही येत नाही, मागे लेप राहतो आणि कुत्रा तो चाटतो. आहार सुधारल्यानं सवय आपोआप जाईल असं नाही, पण घट्ट, एका झटक्यात उचलता येणारी शी मिळणं हेही या कामात मोठं आहे.

किती द्यायचं याचा हिशोब: किलोमधल्या वजनाचा 0.75 घातांक काढून त्याला 70 नं गुणलं की आरामातल्या कुत्र्याची दिवसाची गरज कॅलरीत मिळते. 10 किलोच्या कुत्र्यासाठी ती सुमारे 394 येते. नसबंदी झालेल्या, साधारण फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या 1.6 पट, म्हणजे सुमारे 630. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तिप्पट, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत दुप्पट. कोरड्या तयार खाद्यात 100 ग्रॅमला बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात (पाकिटावर लिहिलेलं असतं), म्हणजे त्या मोठ्या कुत्र्याला 160 ते 180 ग्रॅम, दोन वेळांत मिळून. वाटीनं मापू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. शिकवतानाचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा.

जास्त खाऊ घालणंही तितकंच त्रासाचं. न पचलेलं अन्न शीत उतरतं आणि शी आणखी चविष्ट होते. बरगड्या हलक्या हातानं लागल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत. खाद्य बदलायचं तर सात ते दहा दिवसांत: पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण.

हपापल्यासारखं खाणाऱ्या कुत्र्याला जेवण थाळीत देण्याऐवजी खाऊ शोधायच्या चटईत किंवा भोकं असलेल्या खेळण्यात द्या. तोंडाला आणि नाकाला रोज वीस-तीस मिनिटं काम मिळालं की बागेत नाक खुपसून फिरणं कमी होतं.

पावडरी, अननस आणि मिरची

पावडरी आणि गोळ्यांची कल्पना अशी की कुत्र्याच्या जेवणात त्या मिसळल्या की त्याची शी बेचव होते. डेव्हिसच्या अभ्यासात अशी 11 उत्पादनं वापरलेल्या मालकांना विचारलं तेव्हा गुण आल्याचं सांगणारे 0 ते 2 टक्के निघाले. पैसे तिथं घालण्यापेक्षा पिशव्या आणि चिकनवर घाला. शी बेचव व्हावी म्हणून जेवणात अननस घालायचाही सल्ला मिळतो. त्याच्या फोडींनी अपाय होत नाही, पण साखर जास्त असल्यानं शी सैल होते, आणि शी खायची थांबल्याचा भरवसा नाही. बी-कॉम्प्लेक्सचं सिरप डॉक्टरांनी दिलं असेल तर द्या, त्याच्या जिवावर दोरी सोडू नका.

शीवर तिखट किंवा मिरपूड टाकणं मात्र करू नका. तोंड, डोळे, नाक भाजतं. शिवाय कुत्रा शिकतो ते एवढंच की तिखटाचा वास येणारी शी सोडायची, बाकीच्या खायच्या. आणि लसूण किंवा कांदा जेवणात घालायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

खाल्लीच तर

स्वतःची ताजी शी एकदा खाल्ली म्हणून धावपळ करायची गरज नाही. ओल्या फडक्यानं तोंड, मिशा आणि हनुवटी पुसा, पाणी पाजा. दात घासायचे तर कुत्र्यांचीच टूथपेस्ट. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला जिवावरचं विष आहे. त्या दिवशी मुलांची तोंडं चाटू देऊ नका, हात साबणानं धुवा. गोल जंतांची अंडी माणसाच्या, विशेषतः मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात, क्वचित डोळ्यापर्यंत जातात. ही अंडी शी पडल्याबरोबर बाधत नाहीत, मातीत पक्व व्हायला त्यांना दोन-चार आठवडे लागतात. वेळेवर शी उचलण्याचा हा आणखी एक फायदा. पावसाळ्यात याकडे जास्तच लक्ष द्या, कारण ओल्या उबदार मातीत आकडेकृमींच्या (हुकवर्म) अळ्या आठवड्याभरात तयार होतात आणि त्या अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतात.

जंतांचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर दोन आठवड्यांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, नंतर दर तीन महिन्यांनी असा सर्वसाधारण पाठ आहे. शी खाणाऱ्या कुत्र्याला डॉक्टर तो अधिक वेळा ठेवू शकतात. मात्रा वजनावर असते, म्हणून पिल्लाचं वजन दर वेळी नव्यानं करा, मागच्या महिन्याच्या अंदाजानं देऊ नका. मांजराची किंवा अनोळखी शी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, मलूलपणा दिसला, लस अपुरी असलेलं पिल्लू जेवायला नकार देऊ लागलं, किंवा माणसाची शी खाल्ल्यावर कुत्रा झोकांड्या देऊ लागला (माणसाच्या शरीरातून औषधं आणि नशेचे पदार्थ बाहेर पडतात), तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

महिनाभर काही खाल्लं नाही म्हणून दोरी काढली आणि दुसऱ्याच दिवशी कुत्र्यानं खाल्ली, असं पुष्कळदा होतं. दोन आठवडे पुन्हा पहिल्यासारखं करा, मग दोरी जमिनीवर लोळत ठेवून बघा, आणि सहा आठवडे स्वच्छ गेले तरच ती काढा. तुम्ही गावाला जाताना कुत्रा कुणाकडे ठेवणार असाल तर जेवणाच्या पाकिटाबरोबर त्यांना पिशव्यांची गुंडाळी, खाऊचा डबा आणि फ्रीजवरच्या त्या कागदाची प्रत द्या. शी झाल्यावर आधी खाऊ दाखवायचा, मग उचलायचं, हा क्रम त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.